जिंकलेला डाव घड्याळावर घालवू नका: या चुका टाळा

बुद्धिबळाच्या डावात एक हत्ती जास्त, पटावर पूर्ण ताबा, आणि वेळ संपल्यामुळे निकालात शून्य. असा निकाल घेऊन डोळे पुसत बाहेर येणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहतोय. फार वाईट वाटतं, कारण चूक बहुतेक वेळा तीच असते.

माझ्याकडे शिकणारी एक मुलगी दहा मिनिटांचा डाव खेळत होती, इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारे जादा सेकंद) नव्हतं. तिच्याकडे वजीर आणि हत्ती, समोर फक्त राजा आणि कडेचं एक प्यादं. घड्याळात वीस सेकंद. ते प्यादं हत्तीला फुकट मिळत होतं, पण तिला मात हवी होती. शह, परत शह, परत शह, आणि फ्लॅग पडला, म्हणजे तिची वेळ संपली. पूर्ण गुण समोरच्याला.

फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, नियम स्पष्ट आहे. वेळ संपली की डाव हरला. मात्र नियमात बसणाऱ्या कुठल्याही चालींनी समोरच्याला तुमच्यावर मात करणं शक्यच नसेल, तर बरोबरी. प्यादं पुढे वजीर होऊ शकतं, म्हणून ती हरली. तेच प्यादं मारलं असतं तर फ्लॅग पडूनही अर्धा गुण हातात होता. म्हणून अर्धं मिनिट उरलं की मी आधी समोरचं शेवटचं प्यादं मारतो, मात नंतर शोधतो. समोर नुसता घोडा उरला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. तुमचं प्यादं पटावर असेल तर घोड्यानेही मात होऊ शकते, म्हणजे वेळ संपल्यावर हार. काही ऑनलाइन साइटवर अशा वेळी बरोबरी मिळते. त्या सवयीने स्पर्धेत बसणारे फसतात.

दुसरी चूक म्हणजे वेळेचा नियम न वाचता बसणं. २०१५ च्या नॉर्वे चेस स्पर्धेत पहिल्याच फेरीत तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन वेसेलिन टोपालोव्हविरुद्ध जिंकत असलेला डाव वेळेवर हरला. ६० व्या चालीनंतर आणखी वेळ मिळेल असं त्याला वाटलं होतं, ती मिळणार नव्हती. तो उशिरा आल्यामुळे पंचांची सूचना त्याने ऐकलीच नव्हती. जगज्जेत्याचं हे होतं, तर आपण चाली लिहायच्या कागदाच्या माथ्यावर वेळेचा नियम लिहूनच पहिली चाल करावी. मी दर पाचव्या चालीला उरलेली मिनिटंही लिहितो.

वेळेची ओढाताण अडतिसाव्या चालीला दिसते, पण ती सुरू झालेली असते बाराव्या चालीला, सारख्याच वाटणाऱ्या दोन चालींत पंधरा मिनिटं घालवल्यावर. अशा वेळी एक निवडा आणि खेळा. दिवसभर एक मिनिटाचे डाव खेळून ही सवय लागत नाही. त्याने हात पळायला शिकतो, विचार नाही. नवशिक्यांना हे पटत नाही, त्यांना लगेच वेग हवा असतो.

घड्याळ दाबायला विसरू नका, आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने दाबा. मात झाली तर डाव तिथेच संपतो, घड्याळ दाबलं नसलं तरी.

तिसऱ्यांदा तीच स्थिती आली तर बरोबरी आपोआप मिळत नाही, मागावी लागते. समोरच्याचा फ्लॅग पडलेला दिसला की लगेच घड्याळ थांबवून पंचांना बोलवा. इन्क्रिमेंट नसेल, तुमचाही फ्लॅग पडला आणि आधी कुणाचा पडला हे ठरवता आलं नाही, तर डाव बरोबरीत जातो.