मायक्रोवेव्ह ओव्हन वापरण्याची रीत: आच समान पोचवणे आणि धोके टाळणे

फ्रिजमधला वाडगाभर भात दोन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बाहेर काढला, की कडेच्या घासाने जीभ भाजते आणि मधला घास तसाच गार लागतो, हा अनुभव बहुतेक सर्वांना आलेला असतो. त्यावर उपाय म्हणून आपण आणखी एक मिनिट वाढवतो, त्यामुळे कड वाळून कडक होते आणि मध्यभाग जेमतेम कोमट होतो. येथे चूक वेळेची नसते. मायक्रोवेव्ह अन्नाला ऊर्जा देतो, पण ती सगळीकडे सारखी पोचवणे हे काम बऱ्याच अंशी वापरणाऱ्याकडेच राहते, आणि या यंत्राशी संबंधित अनेक तक्रारी व काही अपघात ही एकच गोष्ट ध्यानात न घेतल्याने होतात.

ओव्हनमधील मॅग्नेट्रॉन नावाचा भाग साधारण २४५० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी निर्माण करतो. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. अन्नातील पाण्याचे रेणू, आणि काही प्रमाणात स्निग्ध पदार्थ व साखर, या लहरींची ऊर्जा शोषून घेतात व तापतात. मायक्रोवेव्ह पदार्थाला आतून बाहेर शिजवतो हा समज मात्र खरा नाही. बहुतेक पदार्थांत लहरी वरून दोन-तीन सेंटिमीटर आत शिरेपर्यंतच क्षीण होतात आणि त्यापुढचा गाभा नेहमीप्रमाणे शेजारच्या गरम भागाकडून हळूहळू तापतो. शिवाय धातूच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे पोकळीत काही ठिकाणी ऊर्जा एकवटते आणि काही जागा जवळजवळ कोऱ्या राहतात. फिरती तबकडी असते ती याचसाठी.

आपल्या ओव्हनमध्ये या जागा कोठे आहेत हे डोळ्यांनी पाहता येते. तबकडी व तिच्याखालचे चाकांचे कडे काढून घ्यावे, मधल्या फिरत्या खुंटीवर ती झाकली जाईल अशी खोलगट काचेची थाळी उपडी ठेवावी आणि त्यावर चॉकलेटची एक मोठी सपाट वडी ठेवून पूर्ण शक्तीवर ओव्हन चालू करावा. विसेक सेकंदांनंतर, कोठेतरी चकाकी दिसू लागताच, तो बंद करावा. वडीवर काही ठिपके पाघळलेले आणि त्यांच्या मधली जागा कडक राहिलेली आढळते; शेजारच्या दोन ठिपक्यांमधील अंतर सहा सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मे भरते. या यंत्राची सुरुवातही चॉकलेटपासूनच झाल्याचे सांगतात: १९४५ साली रेथिऑन या अमेरिकन कंपनीतील अभियंता पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातील चॉकलेट पाघळले होते.

हे ठिपके एकदा पाहिले की अन्न मांडण्याची पद्धत आपोआप बदलते. भात किंवा तत्सम पदार्थाचा डोंगर करून ठेवू नये. तो पसरट भांड्यात सारखा पसरावा आणि मध्ये खळगा करावा. बटाटे, कोबीचे तुकडे यांसारख्या सुट्या वस्तू तबकडीच्या मध्यावर न ठेवता कडेने गोलाकार मांडाव्यात, आणि त्यांची एक बाजू जाड असेल तर ती बाहेरच्या अंगाला ठेवावी. भात किंवा भाजी कोरडी वाटल्यास चमचा-दोन चमचे पाणी शिंपडावे. भांड्यावर झाकण असावे, परंतु घट्ट नसावे, कारण आत कोंडलेली वाफ पदार्थाला सगळीकडून तापवते आणि फटीतून ज्यादा वाफेला वाट मिळते. निम्मा वेळ झाला की अन्न बाहेर काढून तळापासून ढवळावे, आणि ढवळण्याजोगे नसेल तर उलटावे. वेळ संपल्यावर ते लगेच वाढू नये. मिनिट-दोन मिनिटे झाकूनच ठेवावे. या विसाव्यात गरम भागाची उष्णता गार भागाकडे सरकत असते, म्हणून पाककृतीत ‘बाजूला ठेवा’ असे लिहिलेले असते तेव्हा तो शिजवण्याचाच भाग समजावा. शिळे अन्न गरम करताना ते सर्व ठिकाणी सुमारे ७५ अंश सेल्सिअसपर्यंत पोचणे आवश्यक आहे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास तो मध्यभागी आणि आणखी दोन-तीन ठिकाणी खुपसून पाहावा. मात्र तासन्‌तास बाहेर राहिलेला भात कितीही तापवला तरी त्यात जिवाणूंनी सोडलेले विष नष्ट होईलच असे नाही. असा भात टाकून द्यावा.

शक्ती कमी करण्याचे बटण बहुतेक घरांत कधीच दाबले जात नाही, आणि माझ्या मते या यंत्राचे तेच सर्वांत उपयोगी बटण आहे. साध्या ओव्हनमध्ये ५० टक्के शक्ती याचा अर्थ मॅग्नेट्रॉन निम्म्या जोराने चालतो असा नसून, तो काही सेकंद पूर्ण जोराने चालतो आणि तितकेच सेकंद थांबतो, असा होतो; कान दिला तर दिवा व पंखा चालू असतानाच गुणगुण वाढल्याचे आणि उतरल्याचे ऐकू येते. इन्व्हर्टर प्रकारच्या ओव्हनमध्ये मात्र शक्ती सलग कमी ठेवता येते. मधल्या थांब्यात उष्णतेला पसरायला वेळ मिळतो, म्हणून घट्ट किंवा जाड अन्न ५० ते ७० टक्क्यांवर थोडे अधिक वेळ ठेवणे हे पूर्ण शक्तीवर घाईने तापवण्यापेक्षा केव्हाही चांगले. गोठलेल्या पदार्थाच्या बाबतीत तर हे अनिवार्यच आहे. बर्फातील रेणू जखडलेले असल्यामुळे बर्फ या लहरी फारच कमी शोषतो, तर पाणी भराभर शोषते. परिणामी जो कोपरा आधी वितळतो तोच पुढे पळत सुटतो आणि शेजारी बर्फ असतानाच त्याला उकळी फुटते. म्हणून वितळवणे ३० टक्क्यांच्या आसपास, मधूनमधून उलटत आणि सुटलेले तुकडे वेगळे काढत करावे. अशा रीतीने वितळवलेले मांस किंवा मासे लगेच शिजवावेत, कारण त्यांचे काही भाग आधीच कोमट झालेले असतात.

पाककृतीतील वेळ आपल्या ओव्हनला लागू पडेलच असे नाही, कारण अन्नाला मिळणारी शक्ती प्रत्येक ओव्हनची वेगळी असते, आणि पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेला मोठा आकडा पुष्कळदा भिंतीतून ओढल्या जाणाऱ्या विजेचा असतो. खरी शक्ती घरी मोजता येते. काचेच्या भांड्यात एक लिटर थंड पाणी घ्यावे, ढवळून त्याचे तापमान नोंदवावे, पूर्ण शक्तीवर नेमकी दोन मिनिटे ठेवावे आणि पुन्हा ढवळून तापमान पाहावे. वाढलेल्या अंशांना ३५ ने गुणले की वॉटमधील शक्ती अंदाजे मिळते. पाणी २४ अंशांवरून ४६ वर गेले असेल तर वाढ २२ अंशांची, म्हणून शक्ती सुमारे ७७० वॉट. मग १००० वॉटच्या ओव्हनसाठी सांगितलेली तीन मिनिटे आपल्याकडे जवळजवळ चार होतात.

भांड्यांबाबत काच आणि धातूची नक्षी नसलेली चिनी माती निर्धोक मानावी. शंका असल्यास रिकामे भांडे आणि शेजारी पेलाभर पाणी ठेवून एक मिनिट ओव्हन चालवावा. पाणी तापले आणि भांडे गार राहिले तर ते चालते, भांडेच तापले तर चालत नाही. प्लॅस्टिकचे भांडे त्यावर मायक्रोवेव्हसाठी योग्य असल्याचा स्पष्ट शिक्का असेल तरच वापरावे, आणि तेलकट किंवा साखरेचा पदार्थ त्यातही ठेवू नये, कारण असे पदार्थ पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बरेच वर तापू शकतात. मेलामाइनची ताटे आणि एकदाच वापरायचे डबे आत जाता कामा नयेत. धातूमुळे ठिणग्या उडतात त्या मुख्यतः टोकांवर आणि पातळ कडांवर: काट्याचे दाते, चुरगळलेली फॉइल, कपावरची सोनेरी रेघ. ग्रिलसोबत मिळालेली जाळी हीसुद्धा पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनेच वापरावी.

सर्वांत कमी दिसणारा धोका साध्या पाण्याचा आहे. एकदा मी गुळगुळीत काचेच्या मगात पाणी तीन मिनिटे ठेवले. बाहेर काढले तेव्हा त्यावर एकही बुडबुडा नव्हता, म्हणून ते पुरेसे तापले नसावे असे समजून मी त्यात चमचाभर कॉफी टाकली, आणि त्याच क्षणी निम्मे पाणी फेसासारखे उसळून ओट्यावर पसरले. हात जरा मागे होता म्हणून निभावले. गुळगुळीत भांड्यात बुडबुडा धरायला खडबडीत जागा नसली तर पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही शांत राहते, आणि भुकटी, साखर किंवा चमचा पडताच एकदम उकळते. म्हणून पाणी गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवू नये, एकदा उकळलेले पाणी पुन्हा तापवू नये, मगात लाकडी काडी उभी करून ठेवावी आणि वेळ संपल्यावर अर्धा-एक मिनिट थांबूनच मग बाहेर काढावा.

वाफ कोंडण्याचे इतर प्रकार याच जातीचे आहेत. कवचासह अंडे फुटते हे सर्वांना ठाऊक असते, परंतु सोललेले उकडलेले अंडे पुन्हा तापवले तर तेही फुटू शकते, आणि कधीकधी ते नेमके चावताना फुटते. बटाट्याला काट्याने टोचे मारावेत, बरणीचे झाकण काढावे. बाळाच्या दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये तापवूच नये, कारण बाटली हाताला कोमट लागत असताना आतल्या दुधाचा एखादा भाग पोळण्याइतका गरम असू शकतो. ती गरम पाण्यात उभी करून ठेवणे हाच योग्य मार्ग आहे. तेल तळणीसाठी तापवू नये. ओव्हन रिकामा चालवू नये, कारण ऊर्जा शोषायला आत काही नसले की ती परतून मॅग्नेट्रॉनलाच तापवते. आत काही पेटलेच तर दार उघडू नये: ओव्हन बंद करून प्लग काढावा आणि हवेअभावी आग विझेपर्यंत थांबावे.

किरणांची भीती पुष्कळांना वाटते. दाराच्या जाळीची छिद्रे लहरीच्या लांबीच्या मानाने इतकी लहान असतात, की प्रकाश बाहेर येतो पण लहरी जवळजवळ येतच नाहीत. दार उघडताच मॅग्नेट्रॉन थांबतो, आणि अन्नात कोणतेही किरण उरत नाहीत. अमेरिकेतील नियमानुसार ओव्हनपासून ५ सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटपेक्षा अधिक असता कामा नये, आणि अंतर वाढते तशी ती झपाट्याने घटते. आत ठेवलेला मोबाइल वाजला म्हणजे ओव्हन गळतो, हा निष्कर्ष चुकीचा आहे. मोबाइलला अत्यंत क्षीण संदेशही पुरतो. मात्र दार वाकले असेल, बिजागरी सैल असेल किंवा काचेला तडा गेला असेल, तर ओव्हन वापरणे थांबवावे.

स्वच्छतेसाठी वाटीभर पाण्यात लिंबाची फोड टाकून तीन मिनिटे तापवावे आणि दार न उघडता पाच मिनिटे थांबावे. वाफेने डाग सुटतात व मऊ फडक्याने पुसता येतात. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा एक तुकडा असतो. तो मॅग्नेट्रॉनकडून येणाऱ्या वाटेवरचे झाकण आहे आणि तो काढून टाकायचा नसतो. त्यावर उडालेले तेल जळून कोळसा झाला की तेथेच ठिणग्या उडू लागतात. तो काळा पडला किंवा त्याला भोक पडले तर तुकडा बदलून घ्यावा.

ओव्हनला अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्यावा, एक्स्टेन्शनच्या वायरवर तो लावू नये, आणि हवेची छिद्रे पुस्तिकेत दिलेल्या अंतराने मोकळी ठेवावीत. बाहेरचे धातूचे कवच मात्र घरी कधीही उघडू नये. आतला कपॅसिटर हजारो व्होल्टच्या मंडलात काम करतो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ जीव घेण्याइतका विद्युतभार साठवून ठेवू शकतो, त्यामुळे फ्यूज बदलण्याचे कामसुद्धा या यंत्राच्या जाणकार दुरुस्ती कारागिराकडेच सोपवावे.