नवी मुंबईत राहून नेदरलँड्सचा अभ्यास कसा करावा

बारावी किंवा पदवीच्या भूगोलासाठी एखाद्या युरोपीय देशावर प्रकल्प करावयाचा असेल, तर नवी मुंबईतील विद्यार्थ्याने नेदरलँड्स निवडावा. सखल जमिनीवरचे पाणी बाहेर कसे काढायचे, हा या देशाचा मूळ प्रश्न आहे आणि तो ठाणे खाडीच्या काठावर राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. प्रकल्पाची सुरुवात मात्र राष्ट्रध्वज, राजधानी, पवनचक्क्या आणि ट्यूलिप यांनी करू नये. त्यात पहिली काही पाने खर्ची पडतात आणि देशाचे पोट कशावर चालते, हे शेवटपर्यंत कळत नाही.

सर्वप्रथम उंचसखलपणा दाखविणारा नकाशा घ्यावा आणि समुद्रसपाटीखालचा भाग एका रंगाने भरून टाकावा. देशाचा सुमारे २६ टक्के भाग त्यात येतो. सर्वांत सखल जागा रॉटरडॅमजवळच्या झाउडप्लास पोल्डरमध्ये (पोल्डर म्हणजे बांध घालून आणि पाणी उपसून कोरडी ठेवलेली जमीन), समुद्रसपाटीच्या पावणेसात मीटर खाली आहे. मुख्य भूमीवरील सर्वांत उंच जागा, म्हणजे जर्मनी आणि बेल्जियमच्या सीमा मिळतात तेथील फाल्सरबर्ग, ३२२ मीटरवर संपते. ही उंची माथेरानच्या निम्मीही नाही. त्याच नकाशावर ऱ्हाईन, मास आणि शेल्ट या नद्या काढल्या, की हा देश बहुतांशी त्यांच्या मुखाशी साचलेल्या गाळावर वसला आहे, हे ध्यानात येते. जमीन इतकी खाली गेली, याला काही अंशी माणूसच कारणीभूत आहे. कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची दलदल शेतीसाठी कोरडी केल्यावर ती माती आकसली आणि हवा लागून झिजली; जमीन खचली म्हणून पुन्हा पाणी उपसावे लागले आणि उपशामुळे ती आणखी खचली.

यानंतर पुस्तक मिटून पावसाळ्यात, भरतीच्या वेळा पाहून, वाशी, नेरुळ किंवा बेलापूर परिसरातील एखादा होल्डिंग पाँड रस्त्यावरूनच पाहावा. सिडकोने शहराची आखणी करताना हे तलाव डच, म्हणजे नेदरलँड्सच्या, पद्धतीच्या आधारे बांधले. खाडीला भरती आली, की पाण्याच्या दाबाने बाहेरच्या झडपा मिटतात आणि नाल्यांतून आलेले पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली, की झडपा उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत जाते. खारजमिनीत भात पिकविणाऱ्या गावकऱ्यांचे बांध आणि उघाड्या (बांधातील पाणी सोडण्याची दारे) याच तत्त्वावर, शहर येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आल्या आहेत. तलावात गाळ साचला आणि तिवरे वाढली, तर साठवण घटते, हेही तेथे दिसेल. या निरीक्षणातून प्रकल्पात लिहावयाचा मुद्दा साम्याचा नसून फरकाचा आहे: आपल्याकडे ओहोटी पाणी फुकट वाहून नेते, तर खोल पोल्डरमधील जमीन ओहोटीच्या पातळीच्याही खाली असल्याने तेथे पंप बंद ठेवून भागत नाही. हा खर्च कायमचा असल्यामुळे त्याची व्यवस्थाही कायमची आहे. पाण्याचा कारभार २१ जलमंडळे पाहतात. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात आणि ती स्वतःचा कर बसवितात.

इतिहासातील तीन नोंदी पुरेत. १९३२ मध्ये ३२ किलोमीटर लांबीचा आफस्लाउटडाइक हा बांध पूर्ण होऊन उत्तरेकडील समुद्राचा आत शिरलेला भाग गोड्या पाण्याचा तलाव झाला. त्यातून पुढे मिळविलेल्या जमिनीवर फ्लेवोलंड हा प्रांत १९८६ मध्ये स्थापन झाला. १९५३ च्या पुरात १,८३६ लोक मरण पावले. त्या आपत्तीनंतर आखलेल्या डेल्टा या पूरसंरक्षण योजनेतील मासलांट हा जलमार्गावरचा अडथळा १९९७ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची २१० मीटर लांबीची दोन दारे एरवी जहाजांसाठी उघडी असतात आणि उधाणाचा धोका असेल तेव्हाच मिटतात.

साधनसंपत्तीचे प्रकरण लहान ठेवावे, पण नैसर्गिक वायूला त्यात जागा द्यावी. १९५९ मध्ये ग्रोनिंगेन प्रांतात स्लोख्तेरेनजवळ वायूचा प्रचंड साठा सापडला. त्याच्या निर्यातीने पैसा आला, चलन वधारले आणि देशातील कारखान्यांचा माल परदेशांत महाग पडू लागला. अर्थशास्त्रात या अवस्थेला ‘डच डिसीज’ म्हणतात. उपशामुळे भूकंपही होऊ लागले. २०१२ मधील धक्का ३.६ तीव्रतेचा होता आणि त्याने घरांना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ पासून नियमित उत्पादन थांबविण्यात आले. लिंबुर्गमधील शेवटची कोळसा खाण १९७४ मध्येच बंद झाली होती.

शेतीसाठी वेस्टलंडमधील काचगृहे आणि आल्समेरचा फुलांचा लिलाव पाहावा. आपल्याकडे लिलावात बोली चढत जाते. आल्समेरच्या घड्याळात किंमत वरून खाली उतरते आणि जो खरेदीदार प्रथम बटण दाबतो, त्याला माल मिळतो. नाशिवंत मालाचा सौदा क्षणात तुटावा, हा त्यामागचा हिशेब आहे. उद्योगांत फेल्डहोवेनच्या एएसएमएल कंपनीचा उल्लेख अवश्य करावा, कारण अत्याधुनिक चिप बनविण्यासाठी लागणारी ईयूव्ही (अतिलघु तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाची) यंत्रे जगात तीच बनविते.

बंदराचा भाग न्हावा-शेवाशी तुलना करून लिहिणे सोपे जाते. १९८९ मध्ये सुरू झालेले आपले बंदर मुख्यतः कंटेनरचे आहे आणि तेथील माल ट्रक व रेल्वेने आत जातो. रॉटरडॅममध्ये कंटेनरच्या जोडीला खनिज तेल, तेलशुद्धीकरण आणि रसायने आहेत आणि बराच माल बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू नौकेने) ऱ्हाईनमार्गे थेट जर्मनीच्या औद्योगिक पट्ट्यात पोहोचतो. २०२३ मध्ये या बंदरातून सुमारे ४४ कोटी टन मालाची हाताळणी झाली.

येथेच आकडे फसवितात. २०२२-२३ मध्ये भारताच्या निर्यातीत अमेरिका आणि संयुक्त अरब अमिरातीनंतर नेदरलँड्सचा तिसरा क्रमांक होता आणि त्यात पेट्रोलियम पदार्थांचा वाटा मोठा होता. एवढे इंधन सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकसंख्येचा देश स्वतः जाळत नाही. त्यातील बरेचसे रॉटरडॅमला उतरून पुढे जाते. डच कृषी निर्यातीतही आयात करून पुन्हा विकलेला माल मिसळलेला असतो. म्हणून व्यापाराच्या तक्त्यात माल कोठे उतरला आणि कोठे वापरला गेला, असे दोन रकाने ठेवावेत आणि प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहावे. दुसऱ्या रकान्याची माहिती मिळाली नाही, तर तो अंदाजाने न भरता रिकामा ठेवावा.