एसईलिनक्स आणि ॲपआर्मरच्या ऑडिट नोंदी एका तक्त्यात कशा आणाव्यात

नव्या सिस्टिम ॲडमिनला मी सगळ्यात आधी लॉग वाचायला बसवतो. आमच्याकडे रेड हॅटचे सर्व्हर आहेत तसे उबुंटूचेही; पहिल्यांवर एसईलिनक्स, दुसऱ्यांवर ॲपआर्मर. कोणत्या प्रोसेसने कशाला हात लावायचा हे दोन्ही ठरवतात, आणि नकार दिला की कर्नेलच्या ऑडिट यंत्रणेकडे नोंद टाकतात. नोंदीचा प्रकारही दोन्हीकडे तोच: एव्हीसी (परवानगीच्या निर्णयाची नोंद), क्रमांक १४००. म्हणून सगळ्या एका तक्त्यात ओतायचा मोह होतो. थोडं थांबा.

एसईलिनक्स लेबल बघतं, म्हणजे प्रोसेसवर आणि फाइलवर लावलेली सुरक्षेची खूण. वेब सर्व्हर कुणाच्या होम डिरेक्टरीतली फाइल वाचायला गेला, तर एका बाजूला वेब सर्व्हरचं लेबल, दुसऱ्या बाजूला फाइलचं, आणि महिरपी कंसात 'रीड' एवढंच मिळतं. फाइलचं नाव बहुतेकदा नुसतं शेवटचं, पूर्ण पाथ (फाइलचा मुळापासूनचा पत्ता) नाही. ॲपआर्मर पाथवर चालतं. मायएसक्यूएलचा डेटा दुसऱ्या डिस्कवर नेला आणि प्रोफाइल (त्या प्रोग्रामला कुठे काय करता येईल याची नियमावली) तसंच राहिलं की प्रोफाइलचं नाव, पूर्ण पाथ, मागितलेली आणि नाकारलेली परवानगी असं सगळं एका ओळीत येतं. तेव्हा 'कर्ता' आणि 'वस्तू' हे रकाने जरूर करा, पण लेबलाचा पाथ किंवा पाथाचं लेबल करत बसू नका. कोणत्या मॉड्यूलची (एसईलिनक्स की ॲपआर्मर) नोंद आहे याचा रकाना वेगळा ठेवा आणि मूळ ओळ जशीच्या तशी शेजारी राहू द्या.

खरी मेख निर्णयाच्या रकान्यात आहे. एसईलिनक्स पर्मिसिव्ह मोडमध्ये (अडवायचं नाही, फक्त नोंद करायची) असलं तरी नोंदीत 'डिनाइड' असंच छापतं; काम प्रत्यक्षात झालेलं असतं, आणि ते कळतं फक्त ओळीच्या शेवटच्या 'पर्मिसिव्ह=१' वरून. ॲपआर्मर कम्प्लेन मोडमध्ये (त्याचा तसाच न अडवणारा मोड) अशाच प्रसंगी 'अलाउड' लिहितं. म्हणजे घडलं तेच, शब्द मात्र उलटे. एकच रकाना ठेवलात तर महिन्याच्या अहवालात न अडवलेल्या गोष्टी अडवल्या म्हणून मोजल्या जातील. दोन रकाने करा: धोरणाचं म्हणणं काय होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. माझ्या मते या सगळ्या कामात याहून महत्त्वाचं काही नाही.

एका घटनेच्या नोंदी अनेक असतात: एव्हीसी, सिस्टिम कॉलची (प्रोसेसने कर्नेलकडे केलेल्या मागणीची) १३००, पाथची १३०२. त्यांना बांधतो तो 'ऑडिट' शब्दापुढच्या कंसातला वेळ आणि अनुक्रमांक. मशीन रीबूट झालं की अनुक्रमांक पुन्हा सुरुवातीपासून चालू होतो, त्यामुळे मशीन, वेळ आणि अनुक्रमांक अशी तिघांची मिळून किल्ली करा. पाथची नोंद येतच नसेल तर आधी ऑडिटचे नियम (कशाची नोंद ठेवायची हे कर्नेलला सांगणाऱ्या ओळी) तपासा. एकही नियम लावलेला नसला तर कर्नेल ती माहिती गोळा करत नाही. शॅडो फाइलवर (पासवर्डचे हॅश असलेली फाइल) लिहिण्याची पाळत ठेवणारा एक साधा नियम लावला तरी पुढच्या नकारांना पाथ मिळू लागतो. मात्र नियमांत 'टास्क, नेव्हर' ही ओळ (नव्या प्रोसेसचं सिस्टिम कॉल ऑडिट बंद ठेवणारी) असेल तर ती आधी काढावी लागते.

माणूस शोधायचा तर 'ए-यूआयडी' (लॉगिन केलेल्या युजरचा क्रमांक) बघा. सुडो करून दुसऱ्याच्या अधिकाराने काम केल्यावरही तो मूळ लॉगिनचाच राहतो. तिथे ४२९४९६७२९५ दिसलं तर तो कुणी युजर नव्हे. लॉगिनशिवाय सुरू झालेली सेवा आहे.

उबुंटूवर ऑडिट डीमन (नोंदी फाइलमध्ये लिहिणारा पार्श्वभूमीतला प्रोग्राम) मुळात बसवलेला नसतो, नोंदी कर्नेल लॉगमध्ये जातात आणि गर्दी झाली की काही गळतात. डीमन आधी बसवा, मग 'ऑडिटसीटीएल' या कमांडने दाखवलेल्या स्थितीत 'लॉस्ट'चा (गळलेल्या नोंदींचा) आकडा रोज बघा. तो वाढत असेल तर बॅकलॉगची (लिहिल्या जाण्याची वाट बघणाऱ्या नोंदींच्या रांगेची) मर्यादा वाढवा, आणि तेवढ्या काळातल्या तक्त्यावर 'अपुरा' अशी खूण करून ठेवा.