‘टू मीट’ की ‘टू मीटिंग’? इंग्रजी क्रियापद आणि शब्दयोगी अव्यय एकत्र आले की काय करायचं

‘मी भाजी आणण्यासाठी बाजारात गेलो’ हे इंग्रजीत सांगताना मराठी माणूस हमखास म्हणतो, ‘आय वेंट टू द मार्केट फॉर बायिंग व्हेजिटेबल्स.’ समोरच्याला अर्थ कळतो, पण वाक्य चुकलेलं असतं. बरोबर वाक्य आहे, ‘आय वेंट टू द मार्केट टू बाय व्हेजिटेबल्स.’ या चुकीचं मूळ आपल्या ‘साठी’त आहे, म्हणून सुरुवात मराठीपासूनच करू.

मराठीत क्रियापदाला शब्दयोगी अव्यय जोडायचं तर आधी त्याचं ‘ण्या’वालं रूप करावं लागतं: जाण्याऐवजी, खाण्यापूर्वी, येण्यापासून, येण्याबद्दल. इंग्रजीत या ‘ण्या’च्या जागी ‘इंग’ येतं: ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’, ‘बिफोर ईटिंग’, ‘प्रिव्हेंट हिम फ्रॉम कमिंग’, ‘थिंक अबाउट कमिंग’. ‘बिफोर टू ईट’ किंवा ‘विदाउट टू आस्क’ असं कधीच होत नाही. अव्ययानंतर क्रियापद आलं की ‘इंग’ लावायचं, एवढा नियम हाताशी ठेवला तर ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’, ‘गुड अ‍ॅट कुकिंग’, ‘टायर्ड ऑफ वेटिंग’, ‘इन्सिस्टेड ऑन पेइंग’, ‘सक्सीडेड इन फाइंडिंग’ ही रूपं वेगळी पाठ करावी लागत नाहीत. मात्र ‘केपेबल ऑफ डूइंग’ आणि ‘एबल टू डू’ यांची सरमिसळ करू नका. अर्थ जवळचा असला तरी जोडणी वेगळी आहे.

या हिशोबात न बसणारं एकच रूप म्हणजे ‘साठी’. माणूस कोणत्या हेतूने काही करतो हे सांगायचं असेल तर ‘फॉर’ वापरायचं नाही, सरळ ‘टू’ आणि मूळ क्रियापद वापरायचं: ‘आय कॉल्ड टू आस्क’, ‘शी केम टू सी यू’. ‘फॉर टू आस्क’ असं दोन्ही एकत्रही येत नाही. 14व्या शतकातल्या इंग्रजीत ‘फॉर टू’ सर्रास होतं, आजच्या प्रमाण इंग्रजीत नाही. ‘फॉर’नंतर नाम मात्र चालतं: ‘ही केम टू पुणे फॉर अ जॉब’, पण ‘ही केम टू पुणे टू लुक फॉर अ जॉब’.

‘फॉर’ आणि ‘इंग’ यांची जोडी दोन ठिकाणी बरोबर असते. पहिलं ठिकाण म्हणजे वस्तूचा उपयोग: ‘दिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड.’ इथे माणसाचा हेतू नसून सुरीचं काम सांगितलंय. तीच सुरी तुम्ही मागितलीत की हेतू आला, मग ‘आय नीड अ नाइफ टू कट द ब्रेड.’ दुसरं ठिकाण म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचं कारण, म्हणजे आभार, माफी, दंड, कौतुक: ‘थँक यू फॉर कमिंग’, ‘ही वॉज फाइन्ड फॉर जंपिंग द सिग्नल.’

हेतू नकारार्थी असेल तर नुसतं ‘नॉट टू’ अपुरं पडतं. ‘बाळ उठू नये म्हणून ती हळू बोलली’ याचं ‘शी स्पोक सॉफ्टली नॉट टू वेक द बेबी’ हे कानाला खटकतं. ‘सो अ‍ॅज नॉट टू वेक’ किंवा ‘इन ऑर्डर नॉट टू वेक’ म्हणा.

आता सगळ्यात जास्त फसवणारा भाग. इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक क्रियापदाची खूण (‘वाँट टू गो’) आणि दुसरा खरा शब्दयोगी (‘गो टू मुंबई’). पहिल्यानंतर मूळ क्रियापद येतं, दुसऱ्यानंतर ‘इंग’. कामाच्या मेलच्या शेवटी जाणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ चुकतं ते यामुळेच. तिथला ‘टू’ शब्दयोगी आहे, म्हणून ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’ हवं.

कोणता ‘टू’ आहे हे ओळखायला त्याच्यापुढे क्रियापदाऐवजी ‘इट’ ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे पूर्ण वाक्य झालं, म्हणजे हा शब्दयोगी, ‘इंग’ लावा. ‘आय वाँट टू इट’ लंगडं राहिलं, म्हणजे ही क्रियापदाची खूण, मूळ रूप लावा. या परीक्षेत शब्दयोगी ठरणारे, रोजच्या वापरातले प्रयोग असे: ‘ऑब्जेक्ट टू’, ‘गेट यूज्ड टू’, ‘डिव्होटेड टू’, ‘रिझॉर्ट टू’, ‘कन्फेस टू’, ‘इन अ‍ॅडिशन टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’, ‘व्हेन इट कम्स टू’. परीक्षा थोड्या ठिकाणी फसते. ‘अ‍ॅग्री टू इट’ आणि ‘एंटायटल्ड टू इट’ दोन्ही चालतात, तरीही क्रियापद आलं तर ‘अ‍ॅग्री टू पे’, ‘एंटायटल्ड टू रिसीव्ह’ असंच म्हणायचं. हे दोन लक्षातच ठेवावे लागतात.

‘यूज्ड टू’जवळ थोडं थांबायला हवं. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक’ म्हणजे पूर्वी राहायचो, आता नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू लिव्हिंग इन नाशिक’ म्हणजे तिथे राहायची सवय झालीय. मध्ये ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘वॉज’ किंवा ‘गेट’ असेल तर सवय आणि ‘इंग’. नसेल तर जुना काळ आणि मूळ क्रियापद.

मराठी माणसाकडून सर्वांत जास्त गळणारी गोष्ट मात्र वाक्याच्या शेवटी असते. ‘बसायला खुर्ची’ याचं आपण ‘अ चेअर टू सिट’ करतो. इंग्रजीला तिथे ‘ऑन’ लागतोच: ‘अ चेअर टू सिट ऑन’. ‘बसायला’मध्ये मराठीचं भागतं, इंग्रजीचं नाही. ‘लिहायला काहीतरी दे’ असं म्हटलं तर मराठीत पेन मागितलं की कागद, हे प्रसंगावरून कळतं. इंग्रजीत ते शेवटचा शब्द सांगतो: ‘समथिंग टू राइट विथ’ म्हणजे पेन, ‘समथिंग टू राइट ऑन’ म्हणजे कागद, ‘समथिंग टू राइट अबाउट’ म्हणजे विषय.

कोणता शब्द लावायचा हे ठरवायला वाक्य उलटं करा. ‘सिट ऑन द चेअर’, म्हणून ‘चेअर टू सिट ऑन’. ‘टॉक टू समवन’, म्हणून ‘समवन टू टॉक टू’. ‘वरी अबाउट नथिंग’, म्हणून ‘नथिंग टू वरी अबाउट’. ‘रीड अ बुक’मध्ये अव्ययच नाही, म्हणून नुसतं ‘अ बुक टू रीड’. ‘हाउस टू लिव्ह इन’मध्ये ‘इन’ हवा, पण ‘अ प्लेस टू लिव्ह’ हे ‘इन’शिवाय रूढ आहे. विशेषणानंतरही हेच: ‘ही इज ईझी टू टॉक टू’, ‘दिस पेन इज हार्ड टू राइट विथ.’ शेवटी पुन्हा ‘इट’ किंवा ‘हिम’ चिकटवू नका, कारण ती व्यक्ती किंवा वस्तू वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन गेलेली असते.

अव्ययाने वाक्य संपवू नये असं काही जणांना शाळेत शिकवलेलं असतं. इथे ते मनावर घेऊ नका, ही रचना अस्सल इंग्रजी आहे. औपचारिक लिखाणात ‘अ पेन विथ व्हिच टू राइट’ चालेल, पण मग शेवटी दुसरा ‘विथ’ नको.

क्रिया कोण करणार हे सांगायचं असेल तर ‘टू’च्या आधी ‘फॉर’ येतो: ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू कम’, ‘आय हॅव केप्ट द फाइल फॉर यू टू साइन.’ सर्वनाम ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ असं हवं, ‘फॉर ही टू’ नाही. ‘द टी इज टू हॉट फॉर हिम टू ड्रिंक’ यात शेवटी ‘इट’ येत नाही. शाळेत घोटून घेतलेल्या ‘सो... दॅट’मध्ये हेच वाक्य बदललं की ‘इट’ परत येतो: ‘द टी इज सो हॉट दॅट ही कॅनॉट ड्रिंक इट.’ दोन्हीकडे उलट चूक करून गुण जातात. आणि विशेषण माणसाच्या स्वभावाचं असेल (‘काइंड’, ‘रूड’, ‘केअरलेस’, ‘ब्रेव्ह’) तर ‘फॉर’च्या जागी ‘ऑफ’: ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू हेल्प.’

काही विशेषणांना दोन्ही जोडण्या चालतात, पण अर्थ बदलतो. ‘सॉरी टू ट्रबल यू’ हे त्रास देताना म्हणायचं, ‘सॉरी फॉर ट्रबलिंग यू’ देऊन झाल्यावर. ‘अफ्रेड टू जंप’ म्हणजे भीतीमुळे उडी मारायला धजत नाही. ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे आपण पडू अशी भीती. पडणं कोणी ठरवून करत नाही, म्हणून तिथे ‘टू फॉल’ बसत नाही.

अव्ययानंतर ‘टू’ येत नाही या नियमाला मोजके अपवाद आहेत. ‘अबाउट’ हा ‘बेतात’ या अर्थी आला तर ‘द ट्रेन इज अबाउट टू लीव्ह.’ ‘बट’ म्हणजे ‘शिवाय’ असेल तर ‘आय हॅड नो चॉइस बट टू वेट’, पण आधी ‘डू’ असेल तर ‘टू’ही गळतो: ‘आय कुड डू नथिंग बट वेट.’ शिवाय मध्ये प्रश्नार्थक शब्द आला तर ‘टू’ चालतो: ‘अ‍ॅडव्हाइस ऑन हाउ टू इन्व्हेस्ट’, ‘कन्फ्यूज्ड अबाउट व्हेअर टू गो’. ‘की नाही’ म्हणायचं असेल तर ‘व्हेदर’च घ्या, ‘ही इज थिंकिंग अबाउट व्हेदर टू सेल द फ्लॅट.’ ‘इफ टू सेल’ अशी जोडी इंग्रजीत नाही.