नर-मादी वाहू लागले की मैत्रिणींना फोन लावा

भादव्यात दोन-चार दमदार पाऊस झाले की मी नळदुर्गच्या मावसबहिणीला फोन लावते. विचारायचं एकच, बोरी धरण भरलं का? धरणातून पाणी सुटलं की ते नदीवाटे नळदुर्गच्या किल्ल्यात येतं आणि तिथल्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळायला लागतात. हे सुख थोड्याच दिवसांचं असतं. म्हणून तारीख आधी धरून पावसाची वाट बघू नका. पाणी आलं की तारीख धरा.

आम्ही सहाजणी धाराशिवच्या एकाच शाळेतल्या, आता पन्नाशीत आलेल्या. पहिल्या सहलीत तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट आणि वर सोलापूरची खरेदी असं सगळं एका दिवसात कोंबलं होतं. किल्ल्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास आला. आमच्यातल्या एकीचा नवरा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. खरं तर तिच्यासाठीच निघालो होतो, आणि ती दिवसभर मागच्या सीटवर गप्प बसून परत आली. ते मला अजून सलतं. तेव्हापासून एका दिवसात एकच ठिकाण, हे मी कुणाचंही ऐकून मोडत नाही. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा जवळच आहे, एकच मूर्ती आळीपाळीने दोन्ही गावांत मुक्कामाला असते. मलाही मोह होतो. पण त्याच्यासाठी पुन्हा यायचं.

तुळजापूर वाटेतच लागतं. तिथे गाडीतूनच हात जोडायचे आणि पुढे निघायचं. आईला वेगळा दिवस द्या. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. नवरात्रात आणि कोजागिरीला तर रस्ते पायी येणाऱ्या भाविकांनी भरलेले असतात.

धाराशिवहून नळदुर्ग पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सकाळी सातला निघायचं. गाडी सात सीटची घ्या आणि भाडं किलोमीटरवर आहे की दिवसावर, हे आदल्या दिवशीच बोलून घ्या. पैसे सगळ्यांनी सारखे काढून एकीकडेच द्या. ड्रायव्हरदादांचा डबाही आपल्याच डब्यांत धरा.

डब्याची वाटणी फोनवर करा. धपाटे करणारीने त्यात कांदा घालू नये, दुपारपर्यंत वास धरतो. भाकरी वाळते, म्हणून दुधात मळलेल्या दशम्या न्या, संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. सोबत शेंगाचटणी, ठेचा, घट्ट दही. पाणी मात्र माणशी दोन लिटर, कारण किल्ला अवाढव्य आहे आणि सावली कमी.

आत गेल्यावर ऊन चढायच्या आधी उपळी बुरूज उरकून घ्या. वर तोफा आहेत आणि सगळा किल्ला नजरेत येतो. आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात, ती चढत नाही. तिच्याजवळ पाळीपाळीने कुणीतरी खाली बसतं. तिला एकटं सोडून वर फोटो काढायचे नाहीत, हे निघतानाच ठरलेलं असतं.

मग पाणीमहाल. नदी किल्ल्यात वळवून तिच्यावर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला. 1613 सालचं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. पायऱ्या अंधाऱ्या आणि शेवाळलेल्या असतात. रबरी तळाच्या चपला घाला, पदर-ओढणी खोचून घ्या, भिंतीला धरून उतरा. पाण्याचा जोर फार असला आणि तिथली माणसं नको म्हणाली तर हट्ट करू नका. खाली गेलात की खिडकीशी उभं राहा. डोक्यावरून नदी जाते आणि डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा पडतो. तिथे एक फारसी शिलालेख आहे. हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल, असा त्याचा अर्थ. मैत्रिणींना तो तिथेच, त्या आवाजात, मोठ्याने सांगा.

यानंतर काहीही बघायचं नाही. झाडाखाली सतरंजी टाका आणि किमान दोन तास उठू नका. फोन एका पिशवीत. गप्पा आपोआप शाळेवर येतात, मग सासरवर, मग दुखण्यांवर. जी गप्प आहे तिला खोदून विचारू नका, तिच्या शेजारी बसा. गेल्या वर्षी आमची ती मैत्रीण दही वाढता वाढता आपणहून बोलायला लागली. आम्ही पाचजणी नुसत्या ऐकत होतो, ताटातलं धपाटं तसंच राहिलं.

चारला निघालात की उजेडात धाराशिव येतं. तिथे गुलाबजाम बांधून घ्या, घरटी एक डबा. आणि जिच्या घरी कुणी वाट बघणारं नाही, तिला सगळ्यात शेवटी सोडा.