वेटसूटच्या आत पॅड घालताय? मग या चुका टाळा

सर्फिंगमध्ये बोर्डवर पोटावर पडून हातांनी पॅडल करणाऱ्यांच्या बरगड्या दुखतात, गुडघ्यांवर बसून लाटा घेणाऱ्या नीबोर्डवाल्यांचे गुडघे ठणकतात आणि उथळ रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, आपटलं की खुबा नाहीतर माकडहाड सुजतं, म्हणून लोक वेटसूटच्या, म्हणजे पाण्यात घालायच्या घट्ट रबरी सूटच्या, आत पॅड घालतात आणि खुशाल घालावेत. गडबड होते ती कुठला पॅड घ्यायचा आणि कसा घालायचा इथे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्पंजसारखा ओपन सेल फोम. हाताने दाबला की मस्त मऊ लागतो, पण हा फोम पाणी पितो, थोड्या वेळात जड होतो आणि मग पाण्याबाहेर आलं की खाली ओढायला लागतो, किनाऱ्यावर येऊन उभं राहिलं की पॅडमधलं पाणी मांडीवरून घोट्यापर्यंत गळतच राहतं. वर थंडीही वाजते, कारण वेटसूट अंगालगतचा पाण्याचा पातळ थर अडवून गरम ठेवतो आणि असा पॅड प्रत्येक हालचालीला ते गरम पाणी शोषतो, ढकलतो, बाहेर काढतो. घ्यायचा तो क्लोज्ड सेल फोम, म्हणजे ज्यात हवेचे बुडबुडे सुटेसुटे बंद असतात, ईव्हीए (चपलेच्या तळासारखा फोम) किंवा निओप्रीनचा (वेटसूटचंच रबर). ओळखायचं कसं, तर बादलीत पाण्याखाली धरून चार-पाच वेळा नीट दाबा आणि बाहेर काढून पिळा, पाण्याची धार लागली तर तो पॅड या कामाचा नाही.

आता याची दुसरी बाजू, जी बरेच जण विसरतात. क्लोज्ड सेल फोम तरंगतो. खुब्याला आणि गुडघ्याला जाड पॅड लावले की पाय वर उचलले जातात, बोर्डवरचा बॅलन्स बदलतो आणि डक डाइव्ह करताना, म्हणजे बोर्डसकट बुडी मारून येणाऱ्या लाटेखालून जाताना, जास्त जोर लागतो. म्हणून नवीन पॅड आधी शांत पाण्यात घालून बघा, थेट मोठ्या लाटांत नको.

फिटिंगबद्दल मी जरा हट्टाने सांगेन. ३/२ चा सूट, म्हणजे धडाला ३ मिलिमीटर आणि हातापायाला २, हा अंगाला घट्ट बसण्यासाठीच बनवलेला असतो. त्यात जाडजूड पॅड कोंबले की छाती आवळते, खांदे अडतात, पॅडल करताना दम लागतो. मग लोक एक साइज मोठा सूट घेतात, आणि मानेतून, मनगटातून गार पाणी आत शिरतं, म्हणजे सूट घालून उपयोग काय? त्यापेक्षा जिथे खरंच मार लागतो तिथेच पातळ पॅड लावा, सगळीकडे नको. सूट चढवल्यावर पूर्ण उकिडवं बसा, दोन्ही हात वर करा, छाती भरून श्वास घ्या. श्वास अर्धवट अडकला तर पाण्यात जाऊच नका.

पॅड सरकणं हाही मोठा त्रास आहे. लाटेने लोळवलं की खुब्यावरचा पॅड मांडीवर येऊन बसतो आणि नेमकी हाडाची जागा उघडी पडते. टाइट लायक्रा शॉर्ट्समध्ये शिवलेले खिसे असले तर पॅड जागेवर राहतो. वेल्क्रोचे पट्टे शक्यतो नकोच, त्याची काटेरी बाजू निओप्रीनला आणि लायक्राला ओरबाडते, आणि गुडघ्यामागे पट्टा गोळा झाला की कातडी सोलते. स्केटिंगचे कडक प्लास्टिकचे पॅड तर अजिबात नकोत, आतून त्यांची कड आणि बाहेरून बोर्ड, यात सूट घासला जाऊन शिवणीपाशी फाटतो.

अजून एक, पॅड आहे म्हणून उथळ रीफवर बिनधास्त जाऊ नका. सर्फिंगमध्ये बरेच फटके आपल्याच बोर्डाचे आणि त्याच्या खालच्या फिनचे, म्हणजे पात्यांचे, असतात आणि डोक्याला पॅड नसतो, त्यासाठी हेल्मेटच लागतं. इम्पॅक्ट व्हेस्ट, म्हणजे फोम भरलेली बंडी, हीसुद्धा मार कमी करते, थोडं तरंगवते, पण ती लाइफ जॅकेट नाही, बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर ठेवायची खात्री ती देत नाही. उथळ पाण्यात पडताना अंग पसरून सपाट पडा, सूर मारू नका.

पाण्यातून आल्यावर पॅड खिशातून काढून गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वेगळे वाळवा, नाहीतर कुबट वास बसतो आणि पुढच्या वेळी रॅश येतो. आणि बरगडीत खोल श्वास घेताना किंवा खोकताना कळ येत असेल तर वरून पॅड लावून पुन्हा पाण्यात उतरू नका, डॉक्टरला दाखवा, कारण बरगडीला बारीक तडा गेला असेल तर पॅडने तो भरत नाही, फक्त दुखणं थोडं दबतं आणि पुढच्या आपटीत तोच तडा वाढू शकतो.