दुष्काळात आधी फ्लशची टाकी उघडून बघा
पाणीकपात लागली की सगळे नळाच्या मागे लागतात, ब्रश करताना बंद करा वगैरे, ते करायचंच पण घरातलं बरंच पाणी गुपचूप जातं ते फ्लशमधून. जुन्या टाक्या एका फ्लशला 10-12 लिटर सोडतात आणि त्यात वॉशर खराब असेल तर दिवसरात्र बारीक धार चालू, आवाजही येत नाही. रात्री झोपताना टाकीत खायच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि सकाळपर्यंत कुणी फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरलेला दिसला की समजायचं लीक आहे. बहुतेक वेळा नुसता खालचा रबरी वॉशर बदलला की काम होतं. नाहीतर मग फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग, जास्त वर असतो आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून जात राहतं, तो थोडा खाली करायचा बस.

आता बाटली. 1 लिटरची बाटली पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून टाकीत उभी ठेवा, फ्लोटला अडकणार नाही अशी, म्हणजे दर फ्लशला 1 लिटर वाचतं. चार माणसं पाच-पाच वेळा गेली तरी दिवसाला 20 लिटर झाले की! वीट मात्र टाकू नका, मी टाकली होती, तिचा चुरा वॉशरखाली अडकला आणि होतं त्याहून जास्त गळायला लागलं. आणि गीझरचं गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी सोडून देतो ना, ते बादलीत धरा, फ्लशला तेच ओतायचं.